डांबरावरचे डाग

रोलरच्या पाण्याच्या टाकीला कुलूप लावणारा ड्रायव्हर त्या रस्त्यावर आधी कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पडलं कुलूपकाका. टाकीत असतं काय, तर साधं पाणी. गरम डांबर लोखंडी चाकाला चिकटू नये म्हणून ते चाकावर सतत झिरपत ठेवायचं. पण काकांचं म्हणणं असं, की टाकीला झाकण आहे म्हणजे कुणीतरी ते उघडणारच. संध्याकाळी घरी जाताना ते मशीनची किल्ली नेत, कुलपाची किल्ली नेत आणि बसायची गादीसुद्धा काखेत मारून नेत.

"काका, चाकंही घेऊन जा की!" डांबराची खडी पसरणाऱ्या पेव्हर मशीनवरचा माणूस ओरडायचा.

"तुझ्या घरी जागा असती तर एव्हाना तूच नेली असतीस," काका मागे न बघता म्हणायचे.

हा संशय काही जन्मापासूनचा नव्हता. काका या कामात आले ते हातात लोखंडी दंताळं घेऊन. पेव्हरच्या मागे चालायचं आणि कडेला राहिलेली वाफाळती खडी ओढून सारखी करायची. बुटांचे तळ मऊ पडायचे आणि पावलं घरी गेल्यावरही गरम लागायची. मग रोलर शिकले. शिकून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने हौसेने त्यांचा रोलर चालवला आणि ताज्या, गरम थरावर तसाच उभा करून ठेवला. थर दबला, खोल खाच पडली. मुकादमाने हात वर केले, बोलणी काकांनी खाल्ली आणि कामही काकांचंच गेलं. त्या दिवसापासून किल्ली खिशात आणि माणसं खिशाबाहेर.

मशीन बिघडलं तरी काका मिस्त्रीला हात लावू देत नसत. "चांगला पाइप काढेल आणि दुसऱ्याचा जुना बसवेल," असं म्हणून स्वतःच तारा बांधून भागवायचे. काम मात्र त्यांचं असं की बघत राहावं. डांबर मिसळलेली खडी गरम असते तेवढ्यातच दाबायची. फार गरम असली तर चाकापुढे सरकते, निवली तर डोक्यावर घेऊन नाचलात तरी दबत नाही. काका पेव्हरच्या मागे संथ जायचे आणि त्याच पट्ट्यावरून मागे यायचे. गरम थरावर कधी थांबायचे नाहीत. आणि त्यांचा एक हट्ट होता. एका पट्ट्यात जिथून मागे फिरले, त्याच्या शेजारच्या पट्ट्यात ते थोडं पुढे जाऊन फिरायचे, त्याच्या शेजारी आणखी थोडं पुढे. फिरण्याच्या जागा एका ओळीत आल्या की आडवा उंचवटा राहतो आणि मग तो रस्ता आहे तोवर गाड्यांना उडवत बसतो.

त्यांच्या मागे रबरी टायरांचा रोलर चालायचा. त्यावर होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोन-तीन ठिकाणची कामं सोडून आला होता आणि बहिणीच्याच घरी राहात होता. त्याला कामाला चिकटवण्यासाठी बायकोने काकांच्या मागे भुणभुण लावली होती.

"अहो, पाठीमागे घरचा माणूस असलेला बरा ना?"

"पाठीमागचा काय करतो ते दिसत नाही, तीच तर अडचण आहे," काका म्हणाले. पण शेवटी त्यांनीच शब्द टाकला.

मेहुणा आला आणि महिन्याभरात रस्त्यावर डाग दिसायला लागले. आदल्या दिवशी केलेल्या पट्ट्यावर सकाळी तळहाताएवढी जागा तेलकट, मऊ. बोटाने उकरली की खडी सुटून हातात. काकांनी वास घेतला. डिझेल! थरावर डिझेल सांडलं की ते डांबरालाच विरघळवतं.

काकांचं डोकं लगेच पुढे धावलं. रबरी टायरला खडी चिकटते. ती चिकटू नये म्हणून आळशी ड्रायव्हर टायर डिझेलच्या फडक्याने पुसतात. सक्त मनाई असते, तरीही. आणि डाग टायरने पसरवल्यासारखे लांबट होते. म्हणजे झालंच.

ते डोळ्यांत तेल घालून मेहुण्याकडे बघायला लागले. आरसा असा फिरवला की मागचा रस्ता दिसला नाही तरी मेहुणा दिसावा. मेहुण्याने खिशातून रुमाल काढला की काकांचे कान टवकारायचे. एकदा तो मशीनमागे गेला तेव्हा काकाही पाय न वाजवता मागे गेले. तो नुसता शिंकत होता.

"भाऊजी, काही हवंय?"

"नाही. तू शिंक."

एका सकाळी बायको अंगणात आली, तर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत नवरा तोंड खुपसून उभा.

"अहो! माझ्या भावाच्या शर्टाचा वास कसला घेताय?"

"डिझेल येतंय. हुंगून बघ."

"तुमच्या शर्टालाही येतंय. दोघांचे एकाच टबात भिजवते मी. कोणाचा वास कोणाला लागला ते मला नका विचारू. तुम्हाला उद्या दुधातही डिझेल सापडेल."

काकांना उत्तर मिळालंच होतं, त्यामुळे बायकोचं अर्धंच ऐकलं.

साइटवर इंजिनिअर मॅडम होत्या. वयाने लहान, पण बारीक नजरेच्या. थर्मामीटर खुपसून गरमी बघितल्याशिवाय रोलर पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. डाग त्यांनीही पाहिले होते. त्यांनी दोन्ही ड्रायव्हरांना बोलावलं.

"टायरला डिझेल कोण लावतंय?"

"मी नाही," मेहुणा म्हणाला. "आईशप्पथ, मॅडम."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी टाकीच्या कुलपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "माझ्या चाकाला पाणी असतं, तेही कुलपात. मागे कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे."

मेहुण्याने मान वर करून बघितलं. "भाऊजी, तुम्ही?" एवढंच बोलला.

"आजच्या पट्ट्यावर उद्या डाग दिसला," मॅडम म्हणाल्या, "तर मागचा रोलर दुसऱ्याकडे. आणि डिझेल लावणाऱ्याला मी पुढच्या कुठल्याच कामावर घेणार नाही."

त्या रात्री बायकोने नवऱ्याला वाढलं आणि भावाजवळ जाऊन बसली.

सकाळी डाग होतेच. मॅडम पुढे चालत एकेका डागाभोवती पांढऱ्या खडूने गोल काढत होत्या. मेहुणा कडेला किल्ली मुठीत धरून उभा होता. काका रोलरवर चढले, कारण वरून चांगलं दिसतं. आज पुरावा डोळे भरून बघायचा होता.

आणि त्यांना गोल दिसले. जवळून नुसते इकडेतिकडे पडलेले वाटत होते. वरून ते तिरपे होते. कडेपासून सुरू होऊन, प्रत्येक थोडा पुढे, थोडा पुढे, रस्त्याच्या मध्यापर्यंत. मग पुढे तशीच दुसरी तिरपी रांग.

काकांनी बोटाने ती रांग हवेत ओढून बघितली. अशी रांग या रस्त्यावर एकच माणूस पाडत होता. मेहुणा अजून सगळ्या पट्ट्यांत एकाच ओळीत फिरायचा, त्यावरून त्याला त्यांनीच कितीदा शिव्या घातल्या होत्या. टायरने डाग पसरवले होते, पण टाकले नव्हते.

ते उतरले, जमिनीवर आडवे झाले आणि स्वतःच्या रोलरच्या पोटाखाली शिरले. डिझेलच्या पाइपला त्यांनीच गुंडाळलेली तार सैल झाली होती. मशीन मागे फिरताना हिसका बसायचा आणि तेवढ्यापुरते थेंब पडायचे. चाकाचं पाणी सगळीकडेच सांडायचं, त्यात ते कुणाला दिसणार? टाकीला कुलूप होतं. तिच्या शेजारीच गळत होतं.

वर मॅडमचा आवाज आला. "चला, किल्ली द्या."

मशीनखाली पडल्या पडल्या काकांनी मेहुण्याचे दोन बूट बघितले. त्यातला उजवा मागे सरकला. आता गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? तार आवळायची, डाग थांबणार. मेहुणा गेला म्हणून थांबले, असंच सगळे म्हणणार. काकांनी तारेला हात लावला. मग काढून घेतला.

"मॅडम, त्याची नका घेऊ," ते खालूनच ओरडले. "इकडे या. वाकून बघा. आणि ते गोल बघा, तिरपे आहेत. तिरपा मी फिरतो. तो नाही."

मॅडम वाकल्या. मग उठून एका गोलाकडून दुसऱ्याकडे चालत गेल्या आणि परत आल्या.

"ही तार कुणी बांधली?"

"मीच. मिस्त्रीवर विश्वास नव्हता."

पेव्हरवरचा माणूस हसला. "काका, आता गादी कुणापासून वाचवणार?" काका मशीनखालून बाहेर सरकले.

मॅडमनी मिस्त्रीला बोलावलं. पाइप बदलेपर्यंत काकांचा रोलर बंद. डाग पडलेल्या जागा खणून नव्याने भरायच्या, आणि ते काम काकांनी दंताळं घेऊन करायचं, असं ठरलं. काका मुकाट्याने दंताळं घेऊन निघाले. जाताना मशीनची किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली, पण मान वळवून वळवून जुना पाइप तो कुठे ठेवतोय ते बघत राहिले.

मेहुणा त्या दिवशी डबा घेऊन दूर जाऊन बसला. घरीही बोलला नाही. काकांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मला काय सांगता? त्याला सांगा," ती म्हणाली.

सांगायचं कसं, ते काकांना सुचेना.

दुसऱ्या सकाळी ते अंगणात आले तर मेहुणा दोरीपाशी उभा. त्याने काकांचा शर्ट दोन्ही हातांनी नाकाशी धरला होता आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हुंगत होता.

"काय रे?"

"काही नाही भाऊजी. तपासतोय. रस्त्यावर जायचंय आपल्याला." त्याने शर्ट त्यांच्या अंगावर टाकला. "साबणाचाच वास आहे. चला."

काकांनी शर्ट घातला. मेहुणा हसतोय ते मनापासून की तोंडदेखलं, हे ओळखायला ते रस्ताभर त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिले.