रेडिएटरमधली हळद

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, उत्तूरच्या चढावर, जीपभर वऱ्हाडाच्या देखत. मोघम लिहिणं मला जमत नाही. कुणावर आणि कधी, हे आधी सांगावं. बाकीचं मागनं येतं.

आबा कोल्हापुरात एका मालकाच्या जीपवर ड्रायव्हर होते. एरवी ती वडापला चालायची, माणसं कोंबून गावोगाव. तिच्या रेडिएटरचं पाणी कमी होत होतं. आबांनी रात्री जीपखाली पुठ्ठा टाकून ठेवला आणि सकाळी ओल कुठं पडलीय ते बघितलं. खालच्या नळीच्या बरोबर खाली. नळी दाबली तर बारीक चीर उघडली.

"मालक, नळी बदलूया."

"अरं, हळद घाल की. माणसाच्या जखमंला चालती, मग गाडीला का न्हाय?"

हे सगळ्याच वडापवाल्यांचं औषध होतं. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन बसते, गळती थांबते. आबांनीही एकदा, रस्त्यात अडकल्यावर, गावापर्यंत पोचायला चिमूटभर घातली होती. हे मी झाकणार नाही. पण त्यांचं म्हणणं होतं की ही पट्टी आहे, औषध नव्हे. मालकाला मात्र गोडी लागली. पाणी कमी झालं की तो स्वतः टोपण काढायचा आणि मूठ सोडायचा.

त्या दिवशी लग्न मालकाच्याच मुलाचं होतं, मुहूर्त गडहिंग्लजला, गोरज. सकाळी मालकाच्या दारात हळद लागली. सगळ्यांचे हात, गाल, सदरे पिवळे. आबा आणि मी रस्त्यापलीकडे जीपपाशी. गडहिंग्लजला आत्याकडे उतरायचं म्हणून मी बरोबर होतो. हळद लावायला आम्हाला कुणी बोलावलं नाही; आम्हीही गेलो नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणालाच वाटायचं नाही. निघताना, जीपमध्ये वऱ्हाड बसलेलं असताना, मालक ताटातली उरलेली हळद ओंजळीत घेऊन आला आणि टोपण उघडून आत सोडली.

"मालक, लई झाली," आबा म्हणाले.

"शुभ असती रं. चल."

उत्तूरच्या चढाला इंजिनच्या उष्णतेचा काटा तांबड्यात गेला. आबांनी जीप कडेला घेतली. बॉनेटमधून वाफ, आणि खाली रस्त्यावर पिवळी धार. मागच्या सीटवरची एक म्हातारी ओरडली, "अगं बया, नवऱ्यासंगं गाडीला बी हळद लागली की!" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

मालक टोपणाला हात घालायला गेला. आबांनी त्याचं मनगट धरलं. "भाजशीला. निवू द्या." मग रेडिएटरवर वरून खाली हात फिरवून बघितला. वरती चटका बसत होता, खाली गार. म्हणजे पाणी खालपर्यंत उतरतच नव्हतं. नळीची चीर तर उघडीच होती, आणि वर हळदीनं आतल्या वाटाही बुजवल्या होत्या.

"आत हळद बसलीया, मालक."

मनगट धरल्याचा राग असेल, मुहूर्ताची घाई असेल. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणी न बघता गाडी काढलीस आणि आता हळदीवर ढकलतोस व्हय? हळद घालायला तूच शिकवलंस. तुमच्या लोकांच्या हातात गाडी दिली, हीच माझी चूक."

मी म्हणालो, "सकाळी तुम्हीच घातलीसा की."

"पोरगं बापाचीच बाजू घेणार."

हसणं थांबलं होतं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. कुणीतरी म्हणेल, व्हय, आम्ही बघितलं. पण जो तो दुसरी गाडी मिळते का बघत होता. आणि मला दिसले ते हात. गाडीला हात दाखवणारे, पदर सावरणारे, घाम पुसणारे, सगळे पिवळे. एकट्या आबांचे काळे, ग्रीसचे. त्या सकाळी हळदीला ज्याचा हात लागला नव्हता असा त्या रस्त्यावर मी सोडून एकच माणूस उभा होता, आणि हळदीचा आळ त्याच्यावर.

वऱ्हाड मिळेल त्या गाडीनं गेलं. मालकानं किल्ली आबांच्या हातातून काढून घेतली. पुढं वडापच्या स्टँडवर बोभाटा झाला, हा पाणी न बघणारा ड्रायव्हर. एकाही मालकानं त्यांना गाडी दिली नाही. आता ते शिरोळला उसाचा ट्रॅक्टर चालवतात. रोज निघण्याआधी दोनदा पाणी बघतात, आणि कुणी गमतीनं "आबा, पाणी बघितलंसा का?" म्हटलं की मान खाली घालतात.

मी पुष्कळ विचार केला. मालक खोटं बोलला, त्याचं मला फारसं नवल नाही. इंजिन त्याचं, मुलाचं लग्न त्याचं, वेळ वाईट. मला खुपतात ते गप्प बसलेले. त्यांचं काहीच जाणार नव्हतं. एका शब्दाचं काम होतं.

तुम्ही त्या जीपमध्ये असाल, तर हे वाचून बाजूला ठेवू नका. शिरोळला या. ट्रॅक्टरपाशी उभं राहून, चार माणसं ऐकतील अशा आवाजात माझ्या वडिलांना सांगा, हळद कुणी घातली ते.