लाल फितीपर्यंत

मला फारसं लिहिता येत नाही, पण वहिनीबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

दादाच्या टेलरिंगच्या दुकानात कापणी आणि शिलाई वहिनीची, गिऱ्हाइकांशी बोलणं दादाचं, इस्त्री माझी. एकदा रस्ता ओलांडताना वहिनीला स्कूटरनं उडवलं. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. हॉस्पिटलमधून ती चालत-बोलत घरी आली, तेव्हा आम्हाला वाटलं, निभावलं. पण जेवताना ती ताटातलं उजवीकडचंच खायची, केसही अर्धेच विंचरायची. डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत, मेंदूच डावी बाजू विसरलाय.

"मग तुमच्या दादांना डावीकडेच बसवा, भावजी," वहिनी म्हणाली. "तेवढीच डोक्याला शांतता."

मशीनवर बसली तेव्हा मात्र हसू मावळलं. पहिल्याच शर्टाला उजवी बाही लागली, डावी टेबलावर तशीच पडून. तिच्या लेखी शर्ट पुरा झाला होता. दादानं गुपचूप मशीनला गिऱ्हाईक शोधलं. ते सोमवारी येणार होतं. वहिनीला हे कळलं. टेबलाच्या डाव्या कडेला तिनं लाल फीत टाचली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच काम संपलं म्हणायचं. मान आखडायची. कधी फीतच विसरायची, मग पुन्हा उसवणं आलं.

सरावाला घेतलेला शर्ट माझ्या मापाचा होता. वहिनी म्हणाली, "तुम्ही तोंड उघडत नाही, म्हणून तुमच्यावर प्रयोग!"

रविवारी डावा कफ राहून गेला. दादाला शिलाई जेमतेम येते, पण राहवेना. ती जेवायला गेल्यावर त्यानं तो लावून टाकला. परत येऊन वहिनीनं शर्टाच्या कडेकडेनं बोटं फिरवत नेली आणि कफापाशी थांबली.

"हा टाका कुणाचा?"

"तुझाच की."

"माझा टाका असा लंगडत नाही." तिनं कात्री घेतली आणि लागलेला कफ उसवला. "अहो, माझी चूक मला सापडू द्या. तुम्ही झाकलीत तर मी शोधू कुठे?"

दादानं खाली पडलेले दोरे वेचले. कफ पुन्हा लागेस्तोवर तिन्हीसांज झाली.

सोमवारी ते गिऱ्हाईक येऊन नेमकं डावीकडच्या दारात उभं राहिलं. "मशीन बघायला आलोय."

"बघा, पण लांबून," दादा म्हणाला. "त्यावर काम चाललंय."

आवाज ऐकून वहिनीनं मान वळवली, लाल फितीपर्यंत, मग आणखी थोडी, तो माणूस दिसेपर्यंत.

"या," ती म्हणाली. "माप द्यायचंय का?"