प्रश्न संपायच्या आत

“हुकूम देताना माणूस खोटं बोलू शकतो, पण हुकूम ऐकताना त्याला ते जमत नाही,” असं मोठे काका एकदा म्हणाले होते.

मी तेव्हा शाळेत होते. काका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर टेलिफोनचा बोर्ड सांभाळायचे. खिडकी नसलेली खोली, भिंतीएवढा बोर्ड, त्यात भोकंच भोकं. एखाद्या वॉर्डाचा दिवा लागला की काका वायर उचलून भोकात खुपसायचे आणि क्षणभर गप्प राहायचे. पलीकडचा माणूस श्वास कसा घेतोय ते ऐकायचे. मग म्हणायचे, “बोला.” आई म्हणायची, “भावजींना फोन लावला की छातीचा एक्स-रे फुकटात निघतो.”

ही सवय युद्धातली. काका जनरलच्या मुख्यालयात ऑपरेटर होते. मुख्यालय म्हणजे रिकामी करून घेतलेली शाळा. फळ्यावर वजाबाकीचं एक गणित अर्धवट राहिलं होतं. ते कुणी पुसलं नाही, आणि त्याच्यासमोर रोज माणसं वजा होत गेली.

नदीकाठच्या सगळ्या चौक्यांचे फोन काकांच्या बोर्डावर यायचे. नियम साधा होता. लाईन जोडायची, दोन्हीकडचे बोलू लागले की आपण बाजूला व्हायचं. ऐकत बसलेला ऑपरेटर सापडला तर थेट तुरुंग. काका ऐकत बसायचे. नदीच्या वळणावरच्या चौकीत त्यांचा धाकटा भाऊ होता, म्हणजे माझे बाबा.

पहिल्या जनरलला सगळे मागून तोफ म्हणायचे. तो फोन कानापासून हातभर लांब धरून ओरडायचा. फोन नसता तरी चाललं असतं, अशी थट्टा व्हायची. काका मात्र त्याच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत. टेकडी हातची गेली आणि माणसं हत्यारं टाकून पळत सुटली, त्या दिवशी तोफ प्रत्येक लाईनवर एकच बोलला: “मी पुलावर खुर्ची टाकून बसतोय. ज्याला माझ्या मागे जायचंय, त्याने मला सांगून जावं.” आणि खरंच जाऊन बसला. पळणारे पुलापाशी येऊन थबकले, मग वळले. “त्या दिवशी मवाळ माणूस असता तर आम्ही संपलो असतो,” काका म्हणायचे.

पण तोफेला नकार ऐकून घेता यायचा नाही. ‘तयार आहात का?’ या प्रश्नाला जो अडखळला, त्याची खरडपट्टी निघायची. हळूहळू चौक्या प्रश्न संपायच्या आतच “तयार आहोत, साहेब” म्हणू लागल्या. भूक असो, ताप असो, काडतुसं संपलेली असोत, तयारच. साथ पसरावी तसा तो शब्द एका चौकीतून दुसरीत गेला.

पुढे तोफ जखमी झाला आणि दुसरा जनरल आला. हा हळू बोलायचा, समोरच्याला जेवलात का विचारायचा, आणि मग इतका वेळ गप्प बसायचा की माणूस आपण होऊन सगळं ओकायचा. त्याचं नाव पडलं मामंजी. नदी ओलांडायचा हल्ला त्याच्या वाट्याला आला. ठरलेल्या पहाटेच्या आदल्या दुपारी तो बोर्डाशेजारी स्टूल ओढून बसला आणि एकेका चौकीला विचारू लागला. सगळ्या तयार होत्या. वळणावरच्या चौकीचा कॅप्टनही तयार होता, प्रश्न संपायच्या आत.

मामंजी उठले. काकांच्या हातात अजून ती वायर होती.

“साहेब,” काका म्हणाले, “ते तयार नाहीत.”

“तुम्ही ऐकत होतात?”

“हो. रोज ऐकतो.”

मामंजी काहीच बोलले नाहीत. काकाच पुढे म्हणाले, “आधीच हो म्हणायची ही जुनी सवय आहे त्यांची. तोफेच्या... म्हणजे आधीच्या साहेबांच्या वेळची. आणि अजून एक. माझा धाकटा भाऊ तिथे आहे. तेव्हा मी बोलतोय त्यातलं थोडं कमी करून ऐका.”

“किती कमी करू?”

“ते मला कसं कळणार, साहेब? मी तर भाऊच आहे.”

मामंजी परत स्टुलावर बसले. “लावा तीच लाईन.” या वेळी तयारीचं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, “जेवलात का?”

पलीकडे काही नाही. या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर कॅप्टनकडे नव्हतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “कालपासून नाही, साहेब.” मग काडतुसांचं निघालं, मग तापाने पडलेल्यांचं. मामंजींनी बाकीच्या चौक्यांनाही तेच विचारलं आणि हल्ला एक दिवस पुढे ढकलला. वरून झापणारा फोन आला, तोही काकांनीच जोडला. “उशीर माझा आहे,” एवढंच मामंजी म्हणाले. त्या दिवसभरात चौक्यांवर अन्न आणि काडतुसं पोचली, आजारी माणसं मागे आणली. पुढच्या पहाटे फौज नदीपार गेली आणि तिकडे टिकली. माणसं तेव्हाही मेली. बाबा परत आले. मी त्या एका दिवसाच्या उशिरातून जन्मले आहे.

काकांनी यातलं अवाक्षर घरात काढलं नाही. ते सांगायचं तर कॅप्टन खोटं बोलला हेही सांगावं लागलं असतं, आणि बाबा त्या कॅप्टनला देव मानायचे. सुतारकाम करता करता बाबा कुरकुरायचे, “आम्ही तयार होतो. वर कुणीतरी शेपूट घातली.” काका रंध्याखालून निघणाऱ्या सालींकडे बघत बसायचे.

मामंजी म्हातारपणी काकांचा पत्ता शोधत आमच्याकडे आले, म्हणून मला हे कळलं. काठी टेकत आले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. चहा होईपर्यंत बाबांनी कसाबसा धीर धरला.

“साहेब, राग मानू नका. पण तुम्ही तेव्हा का थांबलात? आम्ही तयार होतो.”

काकांनी मामंजींकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मामंजींनी ते पाहिलं आणि बाबांकडे वळले. “होतात?” एवढं विचारून नेहमीसारखे गप्प बसले.

बाबांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. “नव्हतो,” ते म्हणाले. “माझ्याकडे तर एकही काडतूस नव्हतं. पण कॅप्टन हो म्हणाले होते. मग तुम्हाला कुणी सांगितलं?”

“यांनी.” मामंजींनी काठीने काकांकडे दाखवलं, आणि त्या दुपारची सगळी हकिगत सांगितली. थोडं कमी करून ऐका, हेसुद्धा.

“मग किती कमी केलंत?” आईने विचारलं.

“काहीच नाही. स्वतःच्या बोलण्यावर जो आधीच कात्री ठेवतो, त्याचं अजून काय कापायचं?”

बाबा काकांकडे बघत राहिले. “दादा,” ते म्हणाले, “अरे, मी तुझ्यासमोर इतकी वर्षं...”

काका खुर्ची सरकवून उठले. जाताना बाबांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, जरा दाबला, आणि दाराबाहेर पडले.