सोललेली डबी

चौक गावात गॅरेजशेजारी तो बसायचा. लढाई संपून लष्करी भंगार बाजारात आलं होतं. त्यातल्या ॲल्युमिनियमवरचा पक्का काळा रंग काढून देणं हा त्याचा धंदा. नाव मी कधी विचारलं नाही.

पानासाठी घेतलेली एक काळी डबी मी त्याला दिली. "चांदीसारखी कर."

"ऱ्हाऊ द्या मास्तर. रंगच तिला सांभाळतो."

मी ऐकलं नाही. त्यानं ती तारेला बांधून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सोडली आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजले. रंग सुटताच बाहेर काढली. जरा उशीर झाला असता तर चकाकी गेली असती. मग लोकरीच्या चिंधीनं घासून, मेण चोळून आरशासारखी हातात दिली.

"हिला राख-चिंच लावू नका. कोरड्या फडक्यानं पुसा."

घरी हे सांगायला मी विसरलो. बायकोनं पितळेच्या भांड्यांबरोबर तीही घासली. डबी ओरखडून पांढुरकी पडली.

मी चौकला जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला लबाड म्हटलं. त्यानं झाकणाच्या सांध्यात नख घातलं. राख निघाली. ती फक्त मला दिसेल अशी धरली.

"कातडं होतं तवर तिला कायबी झालं नसतं, मास्तर. सोलायला तुमीच सांगितलं."

मी 'लबाड' हा शब्द मागे घेतला नाही. गिऱ्हाइकं आपापलं सामान उचलून निघून गेली. त्यानं डबी माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी त्याची बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. सोड्यानं खाल्लेली, लालभडक. एकाही बोटाला धड कातडं नव्हतं.