कलाबाईंचा हात

सुरतच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीत लूमच्या खडखडाटावर मात करणारा आवाज एकच होता, कलाबाईंचा. अमळनेरकडच्या, सातवी पास. नवरा सुकदेव गेल्यावर गावी परतायचं सोडून त्यांनी मारुतीच्या मंडपात बालवाडी उघडली.

त्याआधी गल्लीत लहान पोरांची सोय काय, तर आई साड्यांचे धागे कापायला कारखान्यात गेली की पोराचा पाय जुन्या साडीच्या काठानं खाटेच्या खुराला बांधलेला. काठ किती लांब, याचं माप ठरलेलं होतं. पोर माठापर्यंत पोचावं, स्टोव्हपर्यंत पोचू नये. असल्या भूमितीत आमच्या बायकांनी कुणाही मास्तरला हरवलं असतं. कलाबाईंनी असे एकतीस पाय सोडवले.

पाच वर्षं बालवाडी मारुतीच्या दानपेटीवर चालली. शहाण्णव साली पंचांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत चालवतो, पुढं पेटीला झेपणार नाही. उरलं सरकारी अनुदान. अर्ज मी लिहिला. गल्लीत गुजराती लिहिणारा मी एकटाच होतो. वाचणाऱ्याला कळेल असं लिहिणारा कुणीच नव्हता. तरी उत्तर आलं. तपासणीला येतो, पण अट एक. सरकारी पैशावरच्या वर्गात कुठल्याही धर्माची पूजा, प्रार्थना किंवा शिकवण चालणार नाही.

मंदिराचे प्रमुख पंडितअप्पा लूमवर मुकादम होते. रागावले की ते शुद्ध मराठी बोलत.

"देवाचं छप्पर चालतं आणि देव चालत नाही? घरमालकालाच तोंड झाकायला लावणारा भाडेकरू मी प्रथमच पाहतो आहे!"

"नियम खोटा नही, अप्पा," कलाबाई म्हणाल्या. "मन्हाकडे अन्सारीनी नजमा येस. उद्या कोणी तिले म्हनं, वाक, तर मी तिनी मायले काय तोंड दाखाडू?"

"आणि मारुतीला मी काय सांगू?"

"सांगा, तीन तास डोया मिचीसन बसा. आपलाच शेतस, समजी लेतीन."

आपलाच देव, समजून घेईल, या हिशोबावर अप्पा हसले आणि तिथंच हरले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कारखान्यातून डागी कापड आणलं. त्यावर मोर होते, पण छपाई सरकल्यामुळे प्रत्येक मोराची चोच त्याच्याच शेपटीवर उमटलेली. मारुती त्या मोरांमागे गेला.

पोरं मात्र आली की पडद्यालाच हात जोडू लागली. कुणीतरी विचारलंसुद्धा, "बाई, हा मोरदेव का?" मग आठ दिवस तालीम झाली. कुणाच्याही पाया पडायचं नाही, बाई करतील तेवढंच करायचं. पोरं तयार झाली. नजमा तर इतरांचे जोडलेले हात सोडवत फिरायची.

तपासणीच्या दिवशी अधिकारी बेन आल्या. चप्पल त्यांनी मंडपाबाहेर काढली. का, ते कुणी विचारलं नाही. आकडे झाले, रंग झाले, गुजरातीतली दोन गाणी झाली. बेन खूश. फाईल मिटत म्हणाल्या, "बहु सरस, कलाबेन."

अकरा वाजले होते. वर्ग सुटायची वेळ. कलाबाई उठल्या, वळल्या आणि पाच वर्षांच्या सवयीनं पडद्याखालच्या पायरीला हात लावून तो कपाळाला नेला.

बाई करतील तेवढंच करायचं होतं. एकतीस पोरं वाकली. नजमानं तर घरी आजी टेकवते तसं कपाळ जमिनीला टेकवलं.

 बेननी तिला जवळ घेऊन नाव विचारलं.

"नजमा अन्सारी," ती ऐटीत म्हणाली.

पाहिलेलं लिहून घ्यायला बेननी फाईल पुन्हा उघडली. "हुं समजुं छुं, बेन. पण जे जोयुं ते लखवुं पडे." जाताना चप्पल घालण्याआधी त्यांचा स्वतःचा हात छातीपर्यंत आला होता. मग त्यांनी त्या हातानं पदर सारखा केला.

बेन गेल्यावर कलाबाई कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसल्या.

"मन्हा हातच गया पायरीकडे, भाऊ," मला म्हणाल्या. "मी कोठे गऊ?"

 

नकाराचं पत्र नवरात्रात आलं. दिवाळीच्या आधी बालवाडी बंद झाली. अप्पा पडदा काढायला स्टुलावर चढले आणि तसेच उतरले. कलाबाईंनी त्याच कारखान्यात धागे कापायचं काम धरलं. कामावर जायच्या पहिल्या दिवशी त्या नजमाच्या आईची माफी मागायला गेल्या.

"माफी किस बात की, बाई?" ती म्हणाली. "बच्ची ने तो आपको देखके किया."

बोलता बोलता ती खाटेशी बसून जुन्या साडीचा काठ मोजत होती. वर्षभरात पोरगी उंच झालेली, हात आता लांब पोचतो, म्हणून काठ वीतभर आखूड करावा लागला. दुसरं टोक कलाबाईंनी धरलं होतं.