अकरा विहिरींचा साक्षी

प्रशंसेवाचून टिकणारे सातत्य हा गुण विरळा. कीर्तीच्या आशेने केलेले कर्म पुष्कळांना साधते. परंतु कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही, हे पूर्ण ज्ञात असताना तेच कर्म त्याच शुचितेने पुन्हा करावयाचे, यास मनाची निराळी घडण लागते. कळसाडीच्या हेमकांत आप्पांची घडण तशी होती.

शहादे तालुक्यातील हे गाव कापूस आणि उसावर जगते. आप्पा तेथील शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. दर अमावास्येस लोखंडी वजन बांधलेली दोरी ते शिवारातील अकरा विहिरींत सोडीत आणि पाण्याची खोली वहीत लिहीत. मळोमळी बोअर झाले, विहिरीत कोणी वाकून पाहीनासे झाले, सात विहिरी आटल्या. त्यांतही दोरी उतरे आणि वहीत ‘कोरडी’ हा शब्द उमटे. पत्नी दगूबाई निवर्तल्यावर दोरीचे दुसरे टोक धरणारेही कोणी उरले नाही.

कन्या रूपाली नाशिकला संगणकाचे काम करी. तिने एकोणतीस वर्षांच्या या नोंदी एका संकेतस्थळावर चढवून दिल्या. आपल्यामागे त्या जाणत्या माणसाच्या हाती पडाव्यात, एवढीच आप्पांची इच्छा. परंतु मोबाईलवर ‘शहादा विहीर पाणीपातळी’ असे शोधले की आधी सारे बोअरवाले. आप्पांचे स्थळ सतराव्या पानावर.

“आप्पा, दुसरा लोकेस्नी त्यासना पानवर आपली लिंक लावाले जोयजे,” रूपालीने फोनवर सांगितले. “जाणता मानूस बोट दखाडी, तवय आपण वर जासूत.”

आप्पांनी हे आपल्या गावाच्या रीतीने जाणले. लग्नात ज्याने टोपी-टॉवेल दिला, त्यास आपल्या घरच्या कार्यात टोपी-टॉवेल द्यावाच लागतो. मानाची परतफेड हाच तेथील सोयरिकीचा पाया. आप्पा शहाद्यास गेले आणि ज्यांची ज्यांची संकेतस्थळे होती, त्यांची दारे हिंडले. पाइपांचा दुकानदार अमृत त्यांच्या शाळेचा जुना विद्यार्थी.

“अमृत, तू मन्ही लिंक लाव, मी तुन्ही लावस.”

“साडीवाला झाया, बँडवाला झाया, आते मी!” अमृत हसला. “आप्पा, विहिरीस्नं लगीन लावतस का?”

“लाव ना भो. मानले मान.”

“लावस, लावस. वरातमा बलावा मंग!”

दोन महिन्यांत चौतीस लिंकांची देवाणघेवाण झाली. पाणीपातळीच्या तक्त्याखाली साड्या, मंगल कार्यालये आणि बँडपथके यांची रांग लागली. आणि ते स्थळ सतराव्या पानावरूनही नाहीसे झाले.

“आप्पा, हाई टोपी-टॉवेल नही शे,” रूपाली कळवळून म्हणाली. त्या विषयातील जाणत्याने आपण होऊन केलेला उल्लेख शोधयंत्र साक्ष मानते. ठरवून केलेली परस्परांची भलावण त्यास बनाव वाटते, आणि स्थळ खाली जाते.

“मंग मांगाले बी नही?” आप्पांनी विचारले.

“मांगेल साक्ष काय कामनी, आप्पा?”

 आप्पांनी चौतीस जणांना एकेक करून फोन केला आणि दोन्हीकडच्या लिंका काढून टाकू, असे सांगितले.

“मान परत करतस का?” अमृत दुखावला. “आम्हनं काय चुकनं?”

शोधयंत्राचा न्याय त्यास समजावणे आप्पांना साधले नाही. घेतलेला मान परत करणे हा तेथे अपमानच. अमृतने बोलणे सोडले. इतरांनीही हळूहळू रामराम सोडला. शहाद्याच्या बाजारात आप्पांना चहासाठी हाक मारणारे दुकान उरले नाही. संकेतस्थळावर किती जण आले, हे ते रोज पाहत. बहुधा तो आकडा एक असे, आणि तो एक म्हणजे ते स्वतःच. तरी अमावास्या चुकली नाही.

अशी तीन वर्षे गेली. फाल्गुनात आप्पा वारले.

त्यानंतर पाचव्या महिन्यात भूमिका नावाची भूजलाची एक अभ्यासक, शोधाची पाने चिकाटीने उलटीत, त्या नोंदींपाशी पोहोचली. एकाच हाताने इतकी वर्षे मोजलेले पाणी तिला अन्यत्र आढळले नव्हते. तिने त्यावर प्रबंध लिहिला. तिच्या विद्यापीठाच्या पानावर आप्पांच्या स्थळाची लिंक लागली. ती पाहून पाण्याचा अभ्यास करणाऱ्या आणखी दोन संस्थांनी तसेच केले. आता शोध घेतला की आप्पांचे स्थळ पहिल्या पानावर येते. अमृतने ते पाहिले की नाही, ठाऊक नाही.

त्या स्थळावर अकरा विहिरींच्या बत्तीस वर्षांच्या नोंदी आहेत. शेवटची माघ अमावास्येची. पुढचे रकाने रिकामे आहेत.