आणखी कोण देतं?

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. त्या बाईंची बदली माझ्या एका होकारामुळे झाली.

बाई इथे जर्मनीत, आमच्या शहराच्या नगरपालिकेत खरेदी विभागात होत्या. आमची कंपनी तिथल्या शाळांना सॉफ्टवेअर विकते. आमच्याकडे आल्या की नुसतं पाणी घ्यायच्या. “तुमची कॉफी प्यायले तर तुमच्या चुकाही गोड लागतील,” म्हणायच्या. कुठलाही भाव ऐकला की विचारायच्या, “आणखी कोण देतं?”

मग खरेदीच्या नियमांत सुधारणा आली. छोटी खरेदी टेंडरशिवाय थेट करायची मुभा मिळाली. बाई तरीही इतर कंपन्यांना फोन करून भाव विचारायच्या. पुढे आमचं काम रखडलं, तेव्हा त्यांच्या साहेबांनी भर बैठकीत मला विचारलं, “यांच्या चौकशांमुळेच उशीर झाला ना?”

“गेनाऊ,” मी म्हणालो. अगदी बरोबर.

बाई शांतपणे म्हणाल्या, “उशीर कुणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. आमचा प्रोग्रॅमच तयार नव्हता. दिरंगाई आमची, आणि खापर विचारणाऱ्या बाईवर! आता कुणीच विचारत नाही, आम्ही बिनधास्त भाव वाढवतो, आणि याला सगळे सुधारणा म्हणतात.

बाई हल्ली हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतात. उशीर आमचा होता, हे मला त्या साहेबांना तोंडावर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.